पटवाऱ्याच्या डोक्यातले दप्तर

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावापुढे कधीकधी तीन अक्षरे दिसतात : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, मागे चार भाऊ आणि दोन बहिणी राहिल्या, की सातबाऱ्यावर अनेकदा एकट्या थोरल्याचे नाव चढे आणि त्यापुढे ही अक्षरे लिहिली जात. शेत सगळ्यांचे, कारभार थोरल्याचा, असा त्याचा अर्थ. गावाला तो ठाऊक असे, पटवाऱ्यालाही ठाऊक असे.

चाळीस वर्षांनी थोरला वारतो. त्याची मुले वारस चढवायला अर्ज करतात. नोंद घेणाऱ्याला ती तीन अक्षरे वाचता आली, तर तो जुना फेरफार काढतो, वारसांची यादी पाहतो आणि सहाही भावंडांच्या शाखा पुढे येतात. त्याला ती वाचता आली नाहीत, किंवा सातबारा संगणकात चढवताना ती गळाली, तर पाच भावंडांचा हक्क एका नोंदीने झाकला जातो. यात कोणी खोटे बोललेले नसते, कोणी पैसे खाल्लेले नसतात. कार्यालयाला एके काळी जे माहीत होते, ते कार्यालय विसरलेले असते.

दुसरा शेरा अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार लहान होता तेव्हा आई किंवा काका त्याच्या वतीने पाहत होते, एवढेच त्यातून कळते. तो मुलगा आज पन्नाशीला आलेला असतो, पण शेरा तसाच राहतो आणि बँकेत कर्जाच्या वेळी आडवा येतो.

संस्थेला जे कळलेले आहे ते हरवू नये, ज्याला हवे त्याला हवे तेव्हा मिळावे आणि रोजच्या कामातून जे नवे कळेल त्याची त्यात भर पडावी, यासाठी केलेल्या व्यवस्थेला ज्ञान व्यवस्थापन म्हणतात. हा विषय मोठ्या कंपन्यांचा समजला जातो. पण कागदावरून संगणकावर जाताना संस्था काय मिळवते आणि काय गमावते, हे पाहायचे तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पटवाऱ्याच्या एखाद्या साझ्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

तीन संहितांचा जिल्हा

यवतमाळ हा वऱ्हाडातला जिल्हा. क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. सरकारी कागदात ज्याला तलाठी म्हणतात, त्याला इथला शेतकरी आजही पटवारीच म्हणतो. २०२४ मध्ये शासनाने तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम दिले, तरी बोलण्यात पटवारीच आहे.

या जिल्ह्याचे महसुली दप्तर समजायला राज्यकर्त्यांचा क्रम लक्षात घ्यावा लागतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. १९०२ च्या करारानंतर वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९२८ मध्ये वऱ्हाडला स्वतःची जमीन महसूल संहिता मिळाली. स्वातंत्र्यानंतर हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, म्हणून इथे १९५४ ची मध्य प्रदेशची संहिता आली. १९५६ मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. चाळीस वर्षांच्या आत तीन संहिता झाल्या. एकाच शेताच्या फेरफारांच्या मालिकेत या तिन्ही काळांतल्या नोंदी सापडतात.

याचा परिणाम आजही होतो. मध्य प्रदेशच्या संहितेत कोणी भूमिस्वामी होते, कोणी भूमिधारी. महाराष्ट्राच्या संहितेच्या कलम २९ ने हस्तांतरणावर बंधन नसलेल्या भूमिस्वामींना भोगवटादार वर्ग १ मध्ये घातले आणि भूमिधारींना वर्ग २ मध्ये. वर्ग १ ची जमीन मालक सहज विकू शकतो, वर्ग २ ला परवानगी लागते. म्हणजे सातबाऱ्यावर आज दिसणारा १ किंवा २ हा आकडा ज्या नोंदीतून आला, ती नोंद साठ-सत्तर वर्षांपूर्वीची आणि दुसऱ्याच कायद्याच्या भाषेतली असू शकते. आकडा चुकला आणि खरेदी झाली, तर शर्तभंगाचे प्रकरण पुढच्या पिढीच्या गळ्यात पडते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागांत गोंड आणि कोलाम खातेदार मोठ्या संख्येने आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कलम ३६ आणि ३६-अ ची बंधने आहेत. तिथे एक शेरा गळणे म्हणजे एका कुटुंबाच्या डोक्यावरचे कायद्याचे छत्र जाणे.

वऱ्हाडात गुरे चारायच्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात. ही वर्गवारी जुन्या वऱ्हाडी पद्धतीतली आहे. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला गायरान पटकन कळते, ई-क्लास विचारून घ्यावा लागतो. तो कोणाला विचारतो? कार्यालयातल्या जुन्या कारकुनाला किंवा गावच्या कोतवालाला. या साध्या गोष्टीत विषयाचे मर्म आहे : कार्यालयाचे पुष्कळ ज्ञान फायलीत नसते, ते विचारले तर सांगणाऱ्या माणसात असते.

सांगता न येणारे जाणणे

हंगेरीत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले शास्त्रज्ञ-तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये 'द टॅसिट डायमेन्शन' या पुस्तकात हा विचार नेमका मांडला. माणसाला जेवढे कळते, त्यातला फार मोठा भाग त्याला शब्दांत मांडून दाखवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे अव्यक्त ज्ञान. जे लिहून, आकड्यांत मांडून दुसऱ्याला देता येते ते व्यक्त ज्ञान. १९९५ मध्ये इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी हाच धागा संस्थांपर्यंत नेला : अव्यक्त ज्ञान सहवासातून एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मग कोणीतरी ते शब्दांत आणते, ते इतर ज्ञानाशी जोडले जाते, आणि वापरता वापरता पुन्हा नव्या माणसाच्या अंगवळणी पडते. हे चक्र चालू असेल तोवर संस्था शिकत राहते.

पटवाऱ्याचे काम या दोन्ही प्रकारच्या ज्ञानावर चालते. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, १२ म्हणजे पिकांची नोंदवही, ६ म्हणजे फेरफाराची वही, ८-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा हिशेब : हे सगळे व्यक्त ज्ञान. पण पांदण नकाशावर आहे आणि दहा वर्षांपासून नांगरून टाकली आहे. या धुऱ्याचे भांडण मोजणीने मिटले नाही, गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी मिटवले. या दोन खातेदारांचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव एकच आहे, पण माणसे वेगळी आहेत : हे वहीत क्वचितच सापडते.

कागदावरही अव्यक्ताच्या खुणा असत. फेरफार वहीत नोंदला गेला, पण मंडळ अधिकाऱ्याने अजून प्रमाणित केला नाही, तर सातबाऱ्यावर त्याची नोंद पेन्सिलने होई. प्रमाणित झाल्यावर ती शाईने पक्की होई. जुने नाव खोडत नसत, त्याला कंस करत. प्रत्येक नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असे. जाणत्या माणसाला त्या एका पानावर शेताचा इतिहास वाचता येई : कोण आले, कोण गेले, कशामुळे, आणि कोणती गोष्ट अजून कच्ची आहे.

संगणकात काय गेले

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा, यवतमाळचा शेजारी. पुढे योजना देशभर पसरली. २००८ नंतर राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणाली उभी राहिली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती थेट तहसीलच्या प्रणालीत येऊ लागली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारे आज ऑनलाइन आहेत. वणीचा शेतकरी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर आपला सातबारा पाहू शकतो, ही साधी सोय नाही. एका उताऱ्यासाठी साझ्याच्या गावी चार चकरा मारणाऱ्या माणसाला तिची किंमत विचारावी.

पण संगणकात काय चढले? अक्षरे चढली, आकडे चढले. टंकलेखन करणाऱ्याला ए.कु.मॅ. चा अर्थ कोणी सांगितला असेल तर तो शेरा चढला, नसेल तर काही ठिकाणी राहिला. नावांचे काना-मात्रा बदलले. एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरमध्ये आलेल्या क्षेत्रांचे मेळ बिघडले. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि ८-अ वरचे क्षेत्र जुळेना.

इथे कायद्याची एक तरतूद फार महत्त्वाची ठरते. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे संगणकात चढलेली चूक ही नुसती टंकलेखनाची चूक राहत नाही. तिला कायद्याने खरेपणाचे गृहीतक मिळते, आणि ती खोटी ठरवण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर येतो. लेखनप्रमाद दुरुस्त करायला कलम १५५ आहे, पण त्यासाठी अर्ज, जुने उतारे आणि तहसीलदारांचा आदेश लागतो. जुना उतारा कुठे शोधायचा हेच ठाऊक नसेल, तर दुरुस्तीचा मार्ग कागदावरच राहतो.

महसूल खात्याने ही अडचण ओळखली, आणि तिच्यावर काढलेला उपाय ज्ञान व्यवस्थापनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात धडा म्हणून घालावा असा आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातले सातबारे छापून गावात आणले, लोकांसमोर मोठ्याने वाचले, आणि ज्याचे नाव चुकले, क्षेत्र चुकले, शेरा गळला, त्याला तिथेच सांगायला लावले. हस्तलिखिताशी ताडून मग प्रणालीत दुरुस्त्या झाल्या. ज्ञान लोकांपाशी आहे, तर माहिती लोकांपाशी न्यावी, ही दृष्टी त्यात होती. ज्या गावात वाचन मनापासून झाले, तिथे पुढचे खटले टळले. जिथे रजिस्टरवर सह्या घेऊन उरकले गेले, तिथे चुका जशाच्या तशा राहिल्या.

पेन्सिलीच्या नोंदीचेही चांगले झाले. सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफार आहे की नाही, शेवटचा फेरफार कोणता आणि कोणत्या तारखेचा, हे तळाशी स्वच्छ छापून येते. पूर्वी जे जाणत्यालाच दिसे, ते आता शेत विकत घेणाऱ्या कोणालाही दिसते. नमुना आखताना जुन्या खुणेचा अर्थ कोणीतरी विचारात घेतला, म्हणून हे झाले.

२०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढली. मृत खातेदारांच्या जागी वारस चढवणे आणि पुढच्या टप्प्यात ए.कु.मॅ., अ.पा.क., जुनी तगाई, बंडिंगचे बोजे असे कालबाह्य शेरे काढणे, हे तिचे काम. योग्य आणि गरजेचे काम. मात्र ए.कु.मॅ. काढताना त्यामागच्या सगळ्या भावंडांची नावे आली पाहिजेत. ती जुन्या फेरफारात सापडतील किंवा गावातल्या वयस्कर माणसांच्या आठवणीत. मोहिमेची मुदत पाळण्यासाठी शेरा उडवला आणि नावे आली नाहीत, तर चूक कायमची होईल.

शिवारातली पायपीट

संस्था डिजिटल होताना एक नुकसान सहज नजरेतून सुटते. जुन्या कामातून मुख्य हेतूशिवाय जे मिळत होते, ते बंद होते.

पीक पाहणी हे त्याचे उदाहरण. पटवाऱ्याने हंगामात शिवारात फिरून कोणत्या शेतात काय पेरले ते नमुना १२ मध्ये लिहायचे, ही जुनी रीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः ॲपवर पीक नोंदवतो, फोटो काढतो. त्यातल्या दहा टक्के नोंदी तलाठी तपासतो. यात मोठा न्याय आहे. आपल्या शेतातल्या पिकाची नोंद ज्याची त्याने करायची. कपाशीत तुरीचे तास कुठे आणि किती, हे शेतकऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? चावडीवर बसून अंदाजाने नमुना १२ भरला जाण्याची जुनी तक्रारही यामुळे कमी होते.

पण जो पटवारी खरोखर शिवारात फिरे, त्याला त्या पायपिटीत आणखी पुष्कळ कळे. नवी विहीर खणली आहे, नोंद नाही. ई-क्लासवर दोन एकर वाढवले आहे. सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची. पांदण अडवली आहे. हे कोणत्याही तक्त्यात मागितलेले नसे, पण पुढच्या वादात तेच कामी येई. ॲपमुळे पिकाची माहिती मिळाली, म्हणून फिरण्यातून मिळणारे उरलेले ज्ञान आपोआप मिळणार नाही. त्यासाठी वर्षातून एकदा पटवारी, कोतवाल आणि गावातली चार जाणती माणसे यांची शिवारफेरी ठरवून ठेवावी लागेल, आणि तिची टिपणे गावाच्या नावाने जपावी लागतील.

कोणतेही काम संगणकावर नेताना हा प्रश्न विचारायला हवा : हे काम करताना माणसाला जाता जाता काय कळत होते, आणि ते आता कोणाला कळणार?

ज्ञान होते, पण वेगवेगळ्या खोल्यांत

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळने ज्ञान न वाहिल्याची सर्वात मोठी किंमत मोजली. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, काहींची दृष्टी अधू झाली. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले.

त्या काही महिन्यांत कोणाला काय माहीत होते, याची मांडणी करून पाहावी. फवारणाऱ्या मजुराला माहीत होते की यंदा कपाशी माणसाच्या उंचीला लागली आहे आणि फवारा तोंडावर येतो. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला माहीत होते की कोणती दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात आहेत. डॉक्टरांना माहीत होते की सारख्याच लक्षणांचे रुग्ण वाढत आहेत. कृषी खात्याला औषधांचे घटक आणि त्यांचे धोके माहीत होते. प्रत्येकापाशी एक तुकडा होता. चारही तुकडे एका टेबलावर आले असते, तर धोक्याची सूचना कितीतरी आधी देता आली असती.

अशा वेळेसाठी कायद्यात तरतूद आहे. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २६ नुसार, विषबाधेच्या घटना नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन राज्य सरकार अधिसूचनेने घालू शकते. पण तरतूद म्हणजे वहिवाट नव्हे. दवाखान्यातून कोणी, कोणाला, किती तासांत कळवायचे, आणि ज्याला कळवले त्याने पुढे काय करायचे, हे नावानिशी ठरलेले आणि सरावातले असेल तरच उपयोग. दवाखाना आणि कृषी कार्यालय दोन्ही संगणकावर असणे पुरत नाही. दोन संगणकांमधला माणूस ठरवावा लागतो.

आपल्या कार्यालयांना हे ठाऊक होते

ज्ञान जपण्याची साधने परदेशातून आणायची गरज नाही. आपल्या कार्यालयांत ती होती आणि कागदोपत्री अजून आहेत.

पहिले साधन सहा गठ्ठे पद्धत. प्रत्येक लिपिकाने आपले कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे : चालू प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतली, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. या सहांतली स्थायी आदेश संचिका म्हणजे त्या टेबलाचे ज्ञान. त्या विषयावरचे सगळे शासन निर्णय, परिपत्रके आणि आदेश अनुक्रमणिकेसह तिच्यात लावलेले असतात. नवा लिपिक आला की त्याने आधी ही फाइल वाचायची. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची अशी शिस्तबद्ध फेररचना केली, की ती लखिना पॅटर्न म्हणून राज्याच्या प्रशासनात नावाजली गेली. संगणक नसताना हे झाले, हे विसरू नये.

दुसरे साधन गाव नमुना १६. पटवाऱ्याच्या २१ नमुन्यांपैकी हा सर्वात दुर्लक्षित. माहितीपुस्तके, शासकीय आदेश आणि नव्या नियमावल्या यांची ही नोंदवही. गावपातळीवरच्या कार्यालयालाही संदर्भसंग्रह लागतो, हे ज्यांनी नमुने आखले त्यांना कळले होते.

तिसरे साधन खास विदर्भाचे. संहितेतल्या निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या तरतुदी फक्त विदर्भाला लागू आहेत. गावच्या चराईचे, जळणाचे, मुरूम-मातीचे नियम निस्तार पत्रकात. आणि खासगी जमिनीतून जायची वाट, पाण्याचा हक्क, मासेमारीचा हक्क यांविषयीचे गावचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये. गावाच्या तोंडी चाललेले ज्ञान विचारून, पडताळून, लिहून घेण्याची ही कायदेशीर पद्धत आहे.

अडचण आहे ती माणसे बदलण्याची. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला. हितसंबंध तयार होऊ नयेत म्हणून बदली हवीच. पण तीन वर्षांत जे शिकले ते मागे ठेवून जाण्याची पद्धत नसेल, तर कार्यालय दर तीन वर्षांनी नव्याने शिकते. पदभार सोडताना दप्तराची यादी होते, रोख मोजली जाते, कपाटाच्या चाव्या दिल्या जातात. अर्धवट राहिलेल्या वादांची पार्श्वभूमी मात्र तोंडी सांगितली तर सांगितली.

नव्या पिढीच्या पटवाऱ्यांनी यावर आपला मार्ग काढला आहे. प्रणालीत अडकले की व्हॉट्सॲपच्या गटात प्रश्न टाकायचा. कोणीतरी अनुभवी सहकारी उत्तर देतो. ही ज्ञानाची खरी देवाणघेवाण आहे आणि तिचे कौतुक व्हायला हवे. पण उत्तर चार दिवसांत खाली जाते, बरोबर होते की चूक ते कोणी तपासत नाही, आणि फोन बदलला की संपते.

झेरॉक्स कंपनीने याच प्रश्नावर काय केले ते उपयोगी आहे. मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून अभ्यास केला. कंपनीच्या जाड माहितीपुस्तकांत नसलेले उपाय तंत्रज्ञ एकमेकांना गप्पांत सांगत, आणि मशीन त्यामुळे चालू होत, असे त्यांना दिसले. १९९० च्या दशकात कंपनीने युरेका नावाची प्रणाली बांधली. तंत्रज्ञाने आपला उपाय लिहायचा, जाणत्या सहकाऱ्यांनी तो तपासायचा, आणि मान्य झाला की लिहिणाऱ्याच्या नावासह सगळ्यांना खुला करायचा. पैशांच्या बक्षिसापेक्षा नाव लागण्याला तंत्रज्ञांनी मान दिला.

करण्यासारखे

या सगळ्यातून कोणत्याही संस्थेला, मग ते तहसील असो, जिल्हा बँक असो, सूतगिरणी असो की शाळा, घेता येतील अशा पाच गोष्टी निघतात.

पहिली : जुनी नोंद संगणकात चढवण्याआधी तिच्यातल्या संक्षेपांचा, खुणांचा आणि शेऱ्यांचा कोश तयार करावा, आणि तो निवृत्तीला आलेल्या माणसाकडून तपासून घ्यावा. दुसरी : निर्णयासोबत कारण लिहावे. 'नामंजूर' एवढ्याने पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. दोन ओळींचे कारण वीस वर्षे कामी येते. तिसरी : पदभार सोडताना दप्तराच्या यादीसोबत एक लेखी टिपण असावे, चालू वाद, त्यांची पार्श्वभूमी, कोणाला विचारावे, कुठे चूक होऊ शकते. चौथी : सहकाऱ्यांच्या गटांत मिळालेली चांगली उत्तरे महिन्यातून एकदा निवडून, वरिष्ठांकडून तपासून, नावासह स्थायी आदेश संचिकेत लावावीत. पाचवी : माहिती ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यासमोर ती ठरावीक काळाने वाचून दाखवावी. चावडी वाचन एकदाची मोहीम न राहता दर काही वर्षांची रीत व्हायला हवी.

या पाचांपैकी एकीलाही नवे सॉफ्टवेअर लागत नाही. वेळ लागतो, आणि हे काम आहे असे वरिष्ठांनी मानावे लागते. संगणकीकरणाच्या अंदाजपत्रकात यंत्रांना, जोडणीला आणि टंकलेखनाला पैसे असतात. जाणत्या माणसासोबत बसून त्याचे ऐकून लिहून घेण्यालाही त्यात जागा हवी, कारण यंत्र पुन्हा विकत घेता येते, निवृत्त झालेल्या माणसाची चाळीस वर्षे परत मिळत नाहीत.

वाचकांनीही आपल्यापुरते एक काम करावे. आपल्या शेताचा आजचा सातबारा काढा, त्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागा, आणि घरातल्या वयस्कर माणसांना शेजारी बसवून एकेक नोंद कशी झाली ते विचारून लिहून ठेवा. चूक सापडली तर कलम १५५ खाली आत्ताच अर्ज करा. सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच ही दुरुस्ती सोपी आहे.